वरच्या आळीत जाऊन बोल

(वस्तीतल्या वाचनालयात झालेल्या बैठकीतलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मला विषय दिलाय, विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याने निवडणुकीआधी धाडसी सुधारणांचं आश्वासन द्यावं की देऊ नये. विषय ऐकून तुमच्यातले दोघेतिघे हसले, ते मी बघितलं. मलाही हसू आलं होतं. आपल्या बापजाद्यांनी भाकरीपेक्षा आश्वासनंच जास्त खाल्लीत. पण हसून सोडून देण्यासारखा हा प्रश्न नाही. का, ते सांगतो.

माझा बाप कचऱ्याच्या गाडीवर आहे, ठेकेदाराकडे. बावीस वर्षं झाली. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, पगार ठेकेदाराच्या मर्जीवर. शहराची घाण उचलतो, पण शहराच्या कागदावर तो कामगार नाही. मागच्या निवडणुकीआधी आम्ही दहा-बारा पोरं एका विरोधी पुढाऱ्याकडे गेलो. मागणी एकच होती. सफाईतली ठेकेदारी बंद करू, काम करणाऱ्याला कायम करू, एवढं तुम्ही जाहीर सभेत बोला. पुढारी मोठा गोड माणूस. चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "पोरांनो, मी तुमचाच आहे. पण हे आत्ता बोलायला लावू नका. आत्ता बोललो तर पडेन. आधी निवडून येऊ द्या, मग बघा काय करतो."

निवडून आला. आम्ही परत गेलो. म्हणाला, "मी असं कुठं म्हणालो होतो?" आणि खरंच, तो कुठंच म्हणाला नव्हता. एका बंद खोलीत चहाचे बारा कप, एवढेच साक्षीदार. त्याने आम्हाला फसवलं असंसुद्धा म्हणता येईना.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

'आधी सत्ता, मग सुधारणा' असं म्हणणाऱ्याचं म्हणणं नीट ऐकून घेऊ. तो म्हणतो, धाडसी सुधारणेने ज्यांचं भलं व्हायचं ते विखुरलेले असतात. ज्यांचं नुकसान व्हायचं ते संघटित असतात, त्यांच्याकडे पैसा असतो, छापखाना असतो. निवडणुकीआधी सगळं सांगितलंत तर ते एक होतील आणि तुम्हाला पाडतील. पडलेला पुढारी काय सुधारणा करणार? हा युक्तिवाद मूर्खाचा नाही. याला उत्तर द्यायचं तर शिव्या देऊन भागणार नाही. इतिहास काढावा लागेल.

१९३६ चा काढू. ऑगस्ट महिन्यात बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. समोर फेब्रुवारी १९३७ ची मुंबई विधानसभेची निवडणूक. तेव्हा प्रत्येक सज्ञान माणसाला मत नव्हतं. मत होतं जमीन, कर, शिक्षण असलं काही ज्याच्या नावावर होतं त्याला. म्हणजे कोकणात खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या असंख्य कुळांना मतच नव्हतं. हिशेबी पुढारी असता तर म्हणाला असता, ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी मतवाल्यांचा रोष कशाला घ्या? बाबासाहेबांच्या जाहीरनाम्यात कुळांना जमीनमालकापासून संरक्षण होतं, कारखान्यातल्या कामगारांसाठी कायदे होते, गरज पडेल तिथे उद्योग सरकारने ताब्यात घ्यावेत हेही होतं. पक्षाने १७ उमेदवार उभे केले. त्यातले बहुतेक निवडून आले.

सत्ता मात्र काँग्रेसची आली. खेर मंत्रिमंडळ बसलं. बाबासाहेब विरोधी बाकावर. आणि १७ सप्टेंबर १९३७ ला, म्हणजे निवडणुकीला सात महिने झाले तेव्हा, त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 'सत्ता नाही, काय करू?' असं रडत बसले नाहीत. विधेयक मंजूर होणार नव्हतं, झालंही नाही. पण १० जानेवारी १९३८ ला कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेला. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. चरीच्या आगरी शेतकऱ्यांचा १९३३ पासूनचा संप तेव्हा चालूच होता. गावात जे एकमेकांच्या विहिरीवर पाणी भरत नव्हते, ते खोतीच्या प्रश्नावर एका रस्त्यावर आले.

हे नीट लक्षात घ्या. पुढारी म्हणतो, धाडसी आश्वासन दिलं की माणसं बिचकतात, दूर जातात. जात असतील. पण तेच आश्वासन माणसं गोळाही करतं. गप्प बसून कुणी गोळा झाल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आणि शेवट काय झाला? खोती संपवणारा कायदा १९४९ मध्ये आला. मुख्यमंत्री कोण? तेच बाळासाहेब खेर. आश्वासन विरोधकाने दिलं, विधेयक विरोधकाने मांडलं, मोर्चा विरोधकाने नेला. बारा वर्षांनी कायदा सत्तावाल्याला करावा लागला.

आता दुसरी बाजू. बाबासाहेब पडलेसुद्धा, ते लपवायचं कारण नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल गुंडाळून ठेवलं गेलं. निवडणूक तोंडावर होती. बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने मैदानात उतरले. त्या जाहीरनाम्यात पैसे कुठून आणणार हेसुद्धा लिहिलं होतं. लष्करावरचा खर्च कमी करा. दारूबंदी उठवून अबकारीचं उत्पन्न परत आणा. विमाधंदा सरकारच्या मालकीचा करा. आणि ऐका, मिठावरचा कर पुन्हा बसवा! ज्या देशात दांडीयात्रा झाली, त्या देशात पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत हे लिहायला काय छाती लागली असेल? उत्तर मुंबईत ते पडले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. फक्त जाहीरनाम्यामुळे पडले असं मी म्हणणार नाही, समोर काँग्रेसची लाट होती. पण पडले.

म्हणजे पुढाऱ्याचं म्हणणं खरं ठरलं का? थांबा. १९५६ मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १९५५ आणि १९५६ मध्ये हिंदू कोडाचे तुकडे करून लग्नाचा, वारशाचा, दत्तकाचा कायदा आला. आणि आणखी एक गोष्ट. त्याच निवडणुकीत अलाहाबादेजवळ नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी उभे होते, हिंदू कोडाला विरोध हाच त्यांचा मुद्दा. नेहरूंनी कोडाची बाजू सोडली नाही आणि भरघोस मतांनी निवडून आले. ज्या प्रश्नाला घाबरून बिल गुंडाळलं, तो प्रश्न लोकांपुढे नेल्यावर आभाळ कोसळलं नाही. भीती जनतेला कमी आणि पुढाऱ्याला जास्त होती.

मंडलचं बघा. आयोग नेमला १९७९ ला, अहवाल आला १९८० च्या अखेरीला, आणि दहा वर्षं धूळ खात पडला. १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग विरोधात होते. त्यांच्या आघाडीच्या जाहीरनाम्यात मंडलच्या शिफारशी अंमलात आणू असं होतं. ७ ऑगस्ट १९९० ला त्यांनी तशी घोषणा केली. केवढं काहूर उठलं! पण त्यांना एक गोष्ट म्हणता येत होती, आम्ही हे मतं मागताना लिहिलं होतं. ७ नोव्हेंबरला सरकार पडलं. मंडल पडलं नाही. १६ नोव्हेंबर १९९२ ला सुप्रीम कोर्टाने २७ टक्के कायम केले, आणि मंडल काढून टाकतो म्हणायची कुठल्याही मोठ्या पक्षाची छाती झाली नाही.

आता आपल्या दुखऱ्या नसेवर हात ठेवतो. २७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला. मुंबईत हात वर झाले आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. पोचिराम कांबळेंना मारलं. सरकारने ठराव बासनात बांधला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं! यावरून काही शहाणे म्हणतात, बघा, धाडस केलं की असं होतं. मी उलट म्हणतो. ठराव करणं सोपं होतं. गावच्या पाटलाच्या वाड्यासमोर उभं राहून 'हे नाव आम्ही देणार, पटत नसेल तर मत देऊ नका' असं म्हणणं अवघड होतं. अवघड काम टाळलं की त्याची किंमत पुढारी भरत नाही. पुढाऱ्याची खुर्ची जाते, आपलं घर जातं.

म्हणून आश्वासन कुठं दिलं, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. आपल्या वस्तीत येऊन, निळं उपरणं गळ्यात घालून, 'बाबासाहेबांचं स्वप्न पूर्ण करू' म्हणायला काय लागतं? ते कुणीही म्हणतो, सगळेच म्हणतात. आपल्या भल्याची गोष्ट जो वरच्या आळीत जाऊन बोलतो त्याचंच आश्वासन खरं. शहरात वरची आळी म्हणजे सोसायटीचं सभागृह, बिल्डरांचा मेळावा, ठेकेदारांचं जेवण. तिथं जाऊन म्हण, सफाईतली ठेकेदारी मी बंद करणार. तिथं तोंडातून शब्द फुटत नसेल, तर आमच्याकडे येऊन घसा फोडू नको.

घोषणा आणि आश्वासन यात गल्लत करू नका. १९७१ मध्ये 'गरिबी हटाव' अशी आरोळी आली. ती विरोधकाची नव्हती, सत्तेतल्या बाईंची होती. निवडणूक जिंकली. पण कोणता कायदा, किती पैसा, कोणत्या तारखेपर्यंत, कुणाच्या ताटातलं काढून? घोषणेला यातलं काही विचारता येत नाही. घोषणा कधी मोडत नाही, कारण तिच्यात मोडण्यासारखं काही नसतं. आश्वासन मोडता येतं. म्हणूनच ते पुढाऱ्याला नको असतं, आणि म्हणूनच ते आपल्याला पाहिजे.

आपल्याशी मौन पाळणारा पुढारी सगळ्यांशीच मौन पाळतो असं समजू नका. निवडणुकीचा मांडव, जीपगाड्या, जेवणावळी फुकट होत नाहीत. ज्याने पैसा पुरवला त्याच्याशी त्याचं बोलणं झालेलं असतं. म्हणजे आश्वासन दिलेलंच असतं. फक्त ते आपल्याला दिलेलं नसतं.

गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना १० लाख द्या, हे सांगायला २०१४ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं. २०२३ मध्ये त्याच कोर्टाने ३० लाख सांगितले. हाताने मैला उपसण्याविरुद्ध १९९३ चा कायदा आहे, २०१३ चाही आहे. कोर्टाला जे बोलता येतं ते मतं मागणाऱ्याला का बोलता येत नाही? आणि ते बोलणंसुद्धा मेल्यानंतरच्या भावाचं. जिवंत माणसाला कायम नोकरी, हे कोण बोलणार?

आपल्या हातात काय आहे? मत आहे. ते द्यायचं नाही, हेसुद्धा आपल्याच हातात आहे. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीत पँथरने बहिष्कार पुकारला. वरळी पेटली. भागवत जाधव गेला. पण काँग्रेसचा उमेदवार पडला आणि रोझा देशपांडे निवडून आल्या. आपली मतं गृहीत धरणाऱ्यांना ती पहिल्यांदा मोजावी लागली. मी आज बहिष्कार पुकारायला उभा नाही. मी म्हणतो, मताचा भाव ठरवा. नोटेत नव्हे. पुढाऱ्याने चारचौघांत बोललेल्या शब्दात.

येत्या निवडणुकीला आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी चहा घेणार नाही. एक कागद नेणार आहोत. त्यावर चार ओळी. सफाईतली ठेकेदारी बंद. आज कामावर असलेला प्रत्येकजण कायम. ठेकेदाराला जाणारा पैसा पगारात. पहिल्या वर्षाच्या आत. खाली सहीला जागा नाही, कारण सहीचा कागद हरवतो. आम्ही म्हणणार, हा कागद समोरच्या सोसायटीच्या मैदानात, माईकवर वाच. आम्ही मागे उभे राहून ऐकू. वाचलास तर तुझ्यासाठी रात्रंदिवस फिरू, तू पडलास तरी पुढच्या वेळी पुन्हा फिरू. नाही वाचलास तर आमच्या दाराशी येऊ नको.

बापाला हे सगळं सांगितलं. तो पाळीवरून आला होता, हात धूत होता. मला वाटलं म्हणेल, कशाला भानगडी करता. तो म्हणाला, "पडला असता तरी चाललं असतं रे. पण बावीस वर्षांत कुणी एकदा तरी मोठ्यानं बोलायला पाहिजे होतं."

एवढंच मला सांगायचं होतं. तो कागद इथं टेबलावर ठेवलाय. काही दुरुस्त करायचं असेल तर आत्ताच करा.

जय भीम.