रात्रीच्या फोनचा उजेड
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मला आधी हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात माझे काम म्हणजे भजनाला टाळ धरणे आणि संक्रांतीला तिळाच्या वड्या थापणे. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही आम्हां पाचसहा जणींना जिन्याच्या पायरीवर बसून फोनचे जे दाखवलेत, तेच इथे सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

विषय लहानसाच आहे. रात्री फोनचा उजेड बारीक कसा करावा, एवढाच. पण ज्या कारणाने मी तो शिकले ते कारण मात्र लहान नव्हते. ते आधी सांगते.

आमचे घर दोन खोल्यांचे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आत स्वयंपाक आणि बाहेरच्या खोलीत आम्ही चौघे निजतो. यजमानांची दुधाची लाइन असल्यामुळे ते पहाटे साडेतीनला उठतात, म्हणून नऊला अंथरुणावर पडतात. लेक बारावीला. सासूबाईंचे वय ७८, झोप अगदी सावध. मला दिवसभर उसंत अशी नाही. शाळा सातवीत सुटली, पण वाचनाची गोडी काही सुटली नाही. लेकीने फोनवर पुस्तके वाचायला शिकवले, तेव्हापासून रात्री दहा ते अकरा हा तास माझा झाला. सगळे निजले की मी भिंतीकडे तोंड करून वाचत पडायची. फोनचा उजेड समोरच्या भिंतीवर, तिथून छतावर आणि छतावरून सगळ्या खोलीभर पसरत असे. यजमान कूस बदलत, सासूबाई पदर डोळ्यांवर घेत. मला ते दिसत नव्हते असे नाही. पण एक तास तर आहे, असे मी मनाशी म्हणत असे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली आणि किती वाजले ते पाहायला मी फोन उचलला. पडद्याचा उजेड दिवसाचाच ठेवलेला होता. डोळ्यांसमोर वीज चमकावी तसे झाले. फोन मिटला, तो पुढे सगळे काळेकुट्ट. तशीच पाणी प्यायला आत निघाले आणि सासूबाईंच्या उशाशी ठेवलेल्या तांब्याला माझा पाय लागला. तांब्या घरंगळला, पाणी फरशीभर झाले. उजेडाने त्यांची झोप चाळवली होतीच, आवाजाने त्या दचकून उठल्या. मी फडके आणायला वळते तोच त्यांचा पाय ओल्या फरशीवरून सरकला. उजवे मनगट मोडले.

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्यांना आपल्या हाताने घास घेता येईना, वेणी घालता येईना. मी भरवत असे, वेणी घालत असे. मला त्या एका शब्दाने लागेलसे बोलल्या नाहीत. एकदा मात्र म्हणाल्या, "अगं, आमच्या गावी निजताना कंदिलाची वात बारीक करून ठेवीत. तुझ्या त्या दिव्याला वात बारीक करायची सोय नाही का?"

भगिनींनो, मला तेव्हा उत्तर देता आले नाही. सोय आहे की नाही हेच मला माहीत नव्हते. मी लेकीपाशी बसले आणि एकेक गोष्ट विचारून घेतली.

आधी मला हे समजून घ्यायचे होते की, फोन मिटल्यावर मी आंधळी का झाले. लेकीने बारावीच्या पुस्तकातून वाचून दाखवले. आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भर उजेडात रंग पाहतात आणि दंडाकार पेशी अंधुक उजेडात काम करतात. या दंडाकार पेशींत 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारे एक जांभळट तांबडे द्रव्य असते, त्याला रोडॉप्सिन म्हणतात. प्रखर उजेड पडला की ते विरते, आणि पुरते भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हाताऱ्या माणसांना त्याहूनही अधिक. उन्हातून एकदम माजघरात आले की काही दिसत नाही, तोच हा प्रकार. मी दोन वाजता फोन पाहिला म्हणजे भर उन्हात जाऊन परत आले, असे म्हणा ना!

दुसरे झोपेचे. मेंदूत पिनियल नावाची एक लहानशी ग्रंथी आहे. अंधार पडला की तिच्यातून मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवते आणि आता रात्र झाली हे शरीराला कळते. हे द्रव्य अमेरिकेतील डॉ. अ‍ॅरन लर्नर यांनी १९५८ साली शोधून काढले. पुढे २००२ च्या सुमारास शास्त्रज्ञांना डोळ्यांत तिसऱ्या प्रकारच्या पेशी आढळल्या. त्यांचे मुख्य काम वस्तू पाहणे नव्हे, तर दिवस आहे की रात्र याची वर्दी मेंदूला देणे. त्या निळसर उजेडाने अधिक जाग्या होतात आणि फोनच्या पांढऱ्या उजेडात निळा भाग बराच असतो. म्हणजे आपण अंथरुणात पडून फोन पाहतो तेव्हा शरीराला उगीचच दिवस असल्याची वर्दी जाते.

आता कृतीकडे वळते. ज्यांच्याजवळ फोन असेल त्यांनी हातात घ्यावा.

पहिली सोय सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले की सूर्याचे चित्र असलेली एक पट्टी दिसते. ती डावीकडे सरकवली की उजेड कमी होतो. काही आयफोनांत ही पट्टी उभी असते आणि ती खाली ओढावी लागते. हीच आपल्या कंदिलाची चावी. मात्र फोन आपणहून उजेड कमीजास्त करत असतो, त्याला अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा ऑटो ब्राइटनेस म्हणतात. आपण कमी केलेला उजेड पुन्हा वाढलेला दिसला तर तो त्याचा उद्योग समजावा आणि रात्रीपुरता तो बंद ठेवावा.

पुष्कळ फोनांत ही पट्टी अगदी शेवटाला नेली तरी काळोखात उजेड डोळ्यांना बोचतोच. मी तिथेच अडले होते. यापुढची सोय असते हे मला ठाऊक नव्हते. अँड्रॉइडच्या फोनमध्ये २०२१ साली बारावी आवृत्ती आली, तेव्हापासून 'एक्स्ट्रा डिम' नावाची सोय आहे. सेटिंग उघडावे, अ‍ॅक्सेसिबिलिटीत जावे, तिथे ती सापडते. प्रत्येक कंपनीच्या फोनात तिची जागा थोडी निराळी असते. म्हणून सोपा उपाय असा की, सेटिंगमधल्या शोधायच्या चौकटीत 'डिम' एवढाच शब्द लिहावा. ती चालू केली की किती मंद हवे हे ठरवायला आणखी एक पट्टी मिळते. तिचे बटण वरून ओढायच्या खणांत आणून ठेवले की रोज आत शिरावे लागत नाही.

आयफोन असेल तर सेटिंग, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, आणि तिथे 'रिड्यूस व्हाइट पॉइंट'. यानेही पांढऱ्याचा झगझगीतपणा उतरतो. बाजूचे बटण तीन वेळा दाबले की तो चालू-बंद व्हावा, अशीही व्यवस्था अ‍ॅक्सेसिबिलिटी शॉर्टकटमध्ये लावता येते.

दोन गोष्टी आणखी आहेत. एक म्हणजे उजेड पिवळसर करणे. अँड्रॉइडमध्ये तिला बहुधा नाइट लाइट म्हणतात आणि आयफोनमध्ये नाइट शिफ्ट. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत आपोआप चालू राहील अशीही ती लावता येते. डोळ्यांना बरे वाटते, पण रंग पिवळा केला आणि उजेड होता तेवढाच ठेवला तर उपयोग थोडा. आधी उजेड कमी करावा, मग रंग. दुसरी गोष्ट काळी पाटी, म्हणजे डार्क मोड. ओएलईडी जातीच्या पडद्यावर काळा भाग खरोखर विझलेला असतो, एलसीडी पडद्यामागे दिवा जळतच असतो, त्यामुळे तिथे काळा जरा राखाडी दिसतो. मला स्वतःला काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरल्यासारखी दिसतात, म्हणून मी पांढरे पान मंद करून वाचते. तुम्ही दोन्ही करून पाहा आणि जे सोसेल ते ठेवा. उजेड कमी केल्यावर अक्षर मात्र मोठे करा. नाहीतर डोळे ताणून वाचावे लागते आणि केलेले सगळे फुकट जाते.

किती मंद करावे, याची माझी खूण सांगते. खोलीतला दिवा मालवल्यावर फोन उघडा आणि समोरच्या भिंतीकडे पाहा. भिंत उजळली तर अजून कमी करायला हवा. पडदा दिव्यासारखा दिसू नये, पुस्तकाच्या पानासारखा दिसावा.

जुन्या फोनमध्ये ही सोय नसेल तर पडद्यावर काळसर पापुद्रा पसरणारी अ‍ॅप्स मिळतात. ती घेताना सावध राहावे. दुसऱ्या अ‍ॅपच्या वर चित्र काढण्याची परवानगी ती मागतात, आणि अशीच परवानगी घेऊन फसवणारे लबाडही असतात. त्याशिवाय संपर्क, संदेश, फोटो यांची परवानगी कोणी मागितली तर सरळ नकार द्यावा. पापुद्रा चालू असताना पैसे पाठवण्याची काही अ‍ॅप्स चालत नाहीत, त्यावेळी तो काढून ठेवावा.

रात्री संदेश आला की फोन आपणहून लखकन उजळतो, त्याचाही बंदोबस्त हवा. 'डू नॉट डिस्टर्ब' लावावे आणि लेकीबाळींचे, जवळच्यांचे फोन तेवढे वाजतील अशी सूट ठेवावी. फोन पालथा ठेवला तरी निम्मे काम होते, आणि त्याला काही शिकावे लागत नाही!

आता या मंद उजेडाचे तोटेही सांगते, म्हणजे माझी फजिती झाली तशी तुमची होणार नाही. पहिल्याच सकाळी मी भाजी घ्यायला गेले. पैसे द्यायला फोन काढला तर पडदा काळा! फोन बिघडला म्हणून मी घाबरले. भाजीवाल्या मावशींनी फोन आपल्या पदराखाली धरून पाहिला आणि म्हणाल्या, "बाई, दिसतंय की सगळं, नुसता रात्रीचा ठेवलाय." तेव्हा सकाळी उठल्याबरोबर उजेड पूर्ववत करण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. रात्री कोणाला औषध द्यायचे असेल तर फोनच्या मंद उजेडात बाटली वाचू नये. सरळ दिवा लावावा. कोणाची झोप मोडली तर मोडू द्यावी. चुकीचे औषध गेले तर ते परत घेता येत नाही. आणि रात्री उठून चालायचे असेल तर वाटेवर झीरोचा दिवा असावा. आम्ही मोरीच्या वाटेवर खाली, गुडघ्याच्या उंचीवर एक पिवळा दिवा लावला आहे. तांब्या आता फळीवर असतो.

तिसरी गोष्ट, उजेड मंद केला म्हणजे रात्रभर फोन पाहायला मोकळीक मिळाली असे नव्हे. फोनच्या उजेडाने डोळे कायमचे बिघडतात असे नेत्रतज्ज्ञ म्हणत नाहीत. पण एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. शिवाय भांडणाच्या बातम्या आणि नातेवाइकांचे टोमणे मंद उजेडातही झोप उडवतातच. माझा नियम एका तासाचा आहे. पुस्तक कितीही रंगात आले तरी अकराला फोन मिटते. खरे सांगायचे तर कधी सव्वाअकरा होतात!

मैत्रिणींनो, आपल्या घरांत खोल्या थोड्या आणि माणसे अधिक. एकीने जागायचे आणि इतरांनी निजायचे, हे आपल्याला रोजचेच. कोणी अभ्यासाला जागते, कोणी तान्ह्या बाळाला घेऊन बसते, कोणी पाळीवरून येणाऱ्याची वाट पाहते. जागणारीने जागू नये, असे मी म्हणणार नाही. माझा तो एक तास मलाही सोडवत नाही. पण आपल्या उजेडाचा त्रास शेजारी निजलेल्याला होऊ नये, एवढे आपल्या हाती आहे. दोन मिनिटांचे काम. मला ते माहीत नव्हते, म्हणून ते शिकायला एका म्हाताऱ्या माणसाचे मनगट मोडावे लागले.

सासूबाईंचा हात आता बरा आहे. मूठ पूर्वीसारखी घट्ट आवळत नाही, पण वाती पुन्हा वळू लागल्या आहेत. आज इथे समईत ज्या वाती लावल्या आहेत, त्या त्यांनीच वळून दिल्या. परवा रात्री मी वाचत होते, तेव्हा त्यांनी विचारले, "निजलीस का गं?" मी म्हटले, "नाही आई, वाचतेय." तर म्हणाल्या, "मला वाटलं, निजलीस." एवढे ऐकून मला फार बरे वाटले.

कार्यक्रमानंतर मी दाराशी बसणार आहे. ज्यांना आपल्या फोनवर करून घ्यायचे असेल त्यांनी यावे. चष्मा मात्र बरोबर आणावा.