मुलांच्या रहस्यकथांना बक्षीस



पोराच्या हाती रहस्यकथा दिसली की पुष्कळ घरांत ती काढून घेतात. अमेरिकेत मात्र रहस्यकथाकारांची संस्था अशा पुस्तकांना दरसाल बक्षीस देते. नाव एडगर अ‍ॅलन पो या लेखकाचे, आणि हाती देतात तो त्याचाच अर्धपुतळा! मुलांच्या पुस्तकासाठी ते १९६१ साली सुरू झाले. पहिले मिळाले फिलिस व्हिटनी या बाईंना, १९६४ साली पुन्हा त्यांनाच. १९८९ पासून वयात आलेल्या मुलामुलींच्या पुस्तकाला निराळे. हे मला फार पटले. दहा वर्षांच्या पोराचे आणि सोळा वर्षांच्या मुलीचे वाचन एक कसे असेल? परीक्षकही लेखकच; पुस्तक वाचून मग ठरवतात. आपण न वाचताच ठरवतो. तेव्हा मंडळाच्या पेटीत मुलांच्या चार रहस्यकथा घ्याव्या आणि आधी आपण वाचाव्या, अशी माझी सूचना आहे.