लाखोळीचा दाणा आणि प्रयोगशाळेचा आकडा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



धान्याची परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सुपात दाणे घेऊन बसलेला जाणता शेतकरी उभा राहतो. दाणा टपोरा की पोचट, किडका की निकोप, हे तो क्षणात सांगतो. ही विद्या आम्ही हलकी मानीत नाही. परंतु एका पिकापुढे ती थिटी पडते, आणि ते पीक भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या आपल्याच धानाच्या मुलखातले आहे. ते म्हणजे लाखोळी.

उभ्या धानाच्या बांधीत, कापणीपूर्वी, मातीत ओल आहे तोवर लाखोळीचे बी फेकून द्यावे. त्यास ना नांगर लागतो, ना वेगळे पाणी. इतर पिके माना टाकतात त्या वर्षीही ती तग धरते. दाण्यात प्रथिने शेकडा 28च्या आसपास. गरिबाच्या घरी याहून उपकारक पीक कोणते असावे? आणि नेमके त्याच घरी या पिकाने घात केला आहे.

कर्नल स्लीमन यांनी 1844 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सागरकडील हकीकत नोंदविली आहे. गहू बुडाला, लोक या धान्यावर जगले, आणि पुढे धडधाकट तरुणांचे पाय कमरेखाली निकामी होऊ लागले. रेवा भागात तर शेतमजुरांची मजुरीच या धान्यात चुकती केली जाई. मालकाच्या ताटात गहू आणि मजुराच्या ताटात लाखोळी, असा हा हिशेब होता. मिश्र आहारात अधूनमधून ही डाळ खाणारास सहसा काही होत नाही. दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली म्हणजे पाय ताठरतात, आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत.

दोष कशात होता? बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा या संशोधकांनी 1964 साली दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचे लांबलचक नाव आम्ही येथे उच्चारीत नाही; शास्त्रज्ञ त्यास थोडक्यात ‘ओडॅप’ म्हणतात. त्यास ना रंग, ना वास. पाखडून ते जात नाही आणि चाखून कळत नाही.

मग ते मोजावे कसे? दाण्यांचे पीठ करून पाणीमिश्रित मद्यार्कात ते द्रव्य उतरवून घेतात. तो अर्क अल्कलीबरोबर उकळला म्हणजे ओडॅपचे विघटन होते, आणि उरलेल्या भागावर एक अभिकारक घातला की पिवळा रंग येतो. रंग जितका गडद तितके विष अधिक. ही गडदता उपकरणाने मोजतात. राव यांनीच 1978 साली ही रीत प्रसिद्ध केली. नमुन्यात शेकडा 0.1 भरले, तर किलोभर धान्यात एक ग्रॅम विष आहे असे समजावे. जुन्या गावठी वाणांत हे प्रमाण याच्या कितीतरी पट आढळते. ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ हे सुधारित वाण त्याहून कमी विषाचे म्हणून निवडले गेले. ही निवड डोळ्यांनी झालेली नाही. झाडामागून झाड, बियाण्यामागून बियाणे प्रयोगशाळेत तपासूनच ती साधली.

येथे एक गोष्ट आम्हास आवर्जून सांगावीशी वाटते. पोत्यावर वाणाचे नाव छापले म्हणजे आकडा कायमचा ठरला, असे नाही. जमिनीत जस्त कमी पडले, पावसाने ओढ दिली, की त्याच वाणात ओडॅप वाढू शकते. शिवाय लाखोळीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या गावठी वाणाशी संकर होतो. काही हंगामांत बियाण्याचा गुण उतरू लागतो. म्हणून दर पिकाचा, दर ढिगाचा नमुना तपासला पाहिजे.

1961 साली केंद्र सरकारने अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत या डाळीच्या विक्रीवर निर्बंधाची तरतूद केली. शेतात पीक उभे राहिलेच. ते गरिबाच्या घरी शिजले आणि चोरवाटेने तूरडाळीत व बेसनातही मिसळले. 2016 साली कमी विषाच्या वाणांमुळे बंदी उठवावी अशी शिफारस पुढे आली, तेव्हा तज्ज्ञांत मोठा वाद झाला. आमचे मत विचाराल तर बंदी असो वा नसो, खरेदीच्या जागी तपासणीची सोय नसेल तर दोन्ही कागदावरच राहतील. ज्यास दुसरे धान्य परवडत नाही, तोच त्या वेळी परीक्षानळी बनतो.

भगिनींपैकी काहींनी मघाशी विचारले की घरी काय करता येईल. हे विष पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकावे, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही ओतून द्यावे; विषाचा बराच भाग निघून जातो, सगळा नव्हे. पाण्याबरोबर काही पोषक द्रव्येही जातात, आणि ज्या गावी घागरभर पाण्यासाठी कोसभर चालावे लागते तेथे हा उपाय सांगताना आमचीच जीभ अडखळते.