कर्ज लपवलं की दोरी दुसऱ्याच्या हातात जाते

मी चेन्नईहून बोलतोय. इथल्या सेंट थॉमस माउंटच्या अकादमीतूनच मी फौजेत गेलो. तेव्हा तिला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल म्हणायचे. निवृत्तीनंतर परत इथेच आलो. आसपासची मराठी मुलं-मुली अधूनमधून घरी येतात. कुणाची अवडीला निवड झालेली असते, कुणाची कल्पाक्कमला, कुणाची बँकेत. पेढे देतात, पाया पडतात आणि निघताना दारात हळूच विचारतात, "काका, कार्डाचे पैसे थोडे थकलेत. पडताळणीत काही होईल का?"

आज त्याचं उत्तर देतो.

पहिली गोष्ट आमच्याच शहरातल्या हायकोर्टाची. स्टेट बँकेने २०२० साली सर्कल बेस्ड ऑफिसर या पदाची जाहिरात काढली. एक उमेदवार सगळे टप्पे पार करून नियुक्तीपर्यंत पोचला. मग बँकेने त्याचा सिबिल अहवाल पाहिला आणि नेमणूक रद्द केली. तो मद्रास उच्च न्यायालयात गेला. जाहिरात निघाली तेव्हा माझ्याकडे काहीच बाकी नव्हती, असं त्याचं म्हणणं होतं. जून २०२५ मध्ये न्यायमूर्ती एन. माला यांनी बँकेचा निर्णय कायम ठेवला. अट फक्त शेवटी पैसे फेडण्याची नव्हती, परतफेडीचा इतिहासच स्वच्छ हवा होता. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याला स्वतःच्या पैशाची शिस्त हवी, हा त्यामागचा विचार.

हे कठोर आहे, मलाही वाटतं. पण अट जाहिरातीत छापलेली होती. आपण जाहिरातीत पगार वाचतो, वयाची मर्यादा वाचतो आणि बारीक अक्षरं सोडून देतो.

आता फौजेतल्या माणसाच्या नजरेने सांगतो. गुप्त कागद ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्याबद्दल काय बघतात? तो गरीब आहे का, हे बघत नाहीत. फौज शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या पोरांनीच भरलेली आहे. बघतात ते एवढंच, की उद्या याची दोरी कुणाच्या हातात जाऊ शकते.

अमेरिकेच्या सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स १९८५ साली डोक्यावर कर्ज घेऊन सोव्हिएत वकिलातीत गेला. पहिली मागणी होती ५०,००० डॉलरची. देणी भागवू आणि थांबू, असा त्याचा हिशेब. तो थांबला नाही. १९९४ मध्ये पकडला गेला, तोवर त्याने दिलेल्या नावांपैकी अनेकजण जिवानिशी गेले होते.

आपल्याकडे १९८५ च्या जानेवारीत कुमार नारायण प्रकरण गाजलं. दिल्लीतल्या मोठ्या कार्यालयांमधून कागद बाहेर जात होते, थेट पंतप्रधान कार्यालयातूनही. देणारे मोठे साहेब नव्हते, साधे कर्मचारी होते. मिळत काय होतं? थोडे पैसे आणि दारूच्या बाटल्या. आपल्याच कार्यालयातली माणसं सापडली म्हणून प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी राजीनामा दिला. हेच अलेक्झांडर पुढे तमिळनाडूचे आणि नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

म्हणून केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत १७ वा नियम आहे. कर्मचाऱ्याने स्वतःचे व्यवहार असे सांभाळावेत की सततच्या कर्जबाजारीपणाची किंवा दिवाळखोरीची वेळ येऊ नये. वसुलीचा दावा झाला, तर लगेच सरकारला कळवावं. आणि पुढची गोष्ट महत्त्वाची. परिस्थिती हाताबाहेरची होती, उधळपट्टी नव्हती, हे कर्मचाऱ्याला सिद्ध करता येतं. म्हणजे नियमालाही कळतं की आजारपण येतं, पीक बुडतं. फक्त ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे.

माझ्या पलटणीत एक क्लार्क होता. गुप्त टपालाचं रजिस्टर त्याच्याकडे. बहिणीच्या लग्नासाठी त्याने एका खाजगी सावकाराकडून पैसे घेतले होते. हप्ते थकले. एक दिवस सावकाराच्या माणसाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमची पलटण कधी हलणार आहे?" त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मी ते वर कळवलं. त्याला त्या टेबलावरून लगेच हलवलं, पण घरी पाठवलं नाही. वेल्फेअर फंडातून मदत केली आणि हप्ते बांधून दिले. सुभेदार होऊन तो निवृत्त झाला. दिवाळीला अजून त्याचा फोन येतो.

दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातं, कारण तिच्यात माझी चूक आहे.

ओळखीतल्या एका घरातला मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीसाठी निवडला गेला. पूर्वी मोटारसायकलच्या कर्जापोटी दिलेला त्याचा चेक परत गेला होता. पुढे त्याने पैसे भरले. फॉर्ममध्ये प्रश्न होता, तुमच्यावर कोर्टात खटला चालू आहे का? त्याच्या वडिलांनी मला फोन केला, "साहेब, चेकचं प्रकरण लिहायचं का हो?" मी म्हणालो, "पैसे भरलेत ना? मग संपलं." खटला बंद झालाय का, हे विचारलंच नाही. तो झाला नव्हता. कंपनीने तक्रार मागे घेतली नव्हती आणि ती मॅजिस्ट्रेटकडे तशीच पडून होती. चेक न वटणं हा कलम १३८ खाली गुन्हा आहे, नुसती बँकेची भानगड नव्हे, हे त्या मुलाला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

त्याने "नाही" लिहिलं. पोलिसांच्या अहवालात "आहे" आलं. नोटीस आली ती चेकबद्दल नव्हती, त्या "नाही"बद्दल होती. नोकरी गेली. त्याचे वडील अजून भेटतात, नमस्कार करतात. मुलाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात या विषयाची घडी बसवून दिली. विचारलेली माहिती खरी द्या. क्षुल्लक बाब लपवली असेल, तर मालक ती माफ करू शकतो. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असंही नाही, पदानुसार विचार करायचा त्याला अधिकार आहे. मीही तुम्हाला तेवढंच सांगतो. खरं बोलल्याने नोकरी नक्की मिळेल, असं वचन मी देऊ शकत नाही. पण खोटं बोललात, तर नोकरी लागल्यावरही ती तलवार डोक्यावर राहते. फौजेत तर भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हाच गुन्हा आहे. आर्मी ॲक्टचं कलम ४४, पाच वर्षांपर्यंत कैद.

तर आता करायचं काय?

अर्ज करण्याआधी स्वतःचा क्रेडिट अहवाल काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात कर्जापुढे "क्लोज्ड" आहे की "सेटल्ड" ते बघा. सेटल्ड म्हणजे तुम्ही कमी पैशात तडजोड केलीत, आणि तो डाग दिसत राहतो. मित्राला जामीन राहिला असाल, तर तेही तिथे दिसतं. नोंद चुकीची असेल, तर तक्रार करा. ३० दिवसांत ती सोडवली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पैसे फेडले की ना-देय दाखला घ्या. खटला असेल, तर तो बंद झाल्याच्या आदेशाची प्रत घ्या. तोंडी "झालं साहेब" यावर विश्वास ठेवू नका. आणि फॉर्मचा प्रश्न कळला नाही, तर माझ्यासारख्या काकाला फोनवर विचारू नका, कागद घेऊन वकिलाकडे जा.

माझ्याकडे आलात, तरी हरकत नाही. फक्त दारात हळूच विचारू नका. आत या, बसा, कागद टेबलावर ठेवा. पेढे नंतर खाऊ.

जय हिंद.