मंडळ आणि मिरासदारी



मी सरळ तंट्याच्याच विषयाकडे वळतो. साहित्य ही एकांताची साधना आहे, तिला मंडळे आणि बैठका हव्यातच कशाला, असे जे मत हल्ली मोठ्या प्रतिष्ठेने मांडले जाते, ते मला सर्वस्वी अमान्य आहे. लिहिताना लेखक एकटा असतो हे खरे. परंतु आपल्याला जे सांगायचे आहे ते सांगण्याजोगे आहे हा विश्वास, आणि ते अद्याप नीट सांगून झालेले नाही ही टोचणी, या दोन्ही गोष्टी त्याला समानधर्मी माणसांच्या सहवासातच लाभतात. आणि ज्यांना हा सहवास घरबसल्या मिळाला त्यांनीच तो न मिळालेल्यांना एकांताचे माहात्म्य सांगावे, हा मी उघड अन्याय समजतो.

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले ते कोणाच्या सनदेने नव्हे. फारसीचे व्यासंगी माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे व मनोरमाबाई रानडे, घाटे आणि नाट्यछटाकार दिवाकर ही भिन्न प्रकृतीची माणसे चहाच्या निमित्ताने जमत, एकमेकांना कविता वाचून दाखवीत, आणि त्याच वर्षी त्यांनी ‘किरण’ हा संग्रह काढला. पुढे त्यांच्यातील कवींनी काव्यगायनाच्या द्वारे कविता सामान्य श्रोत्यांपर्यंत नेली. त्यांच्या काव्याच्या मर्यादा मी जाणतो; तरीही मराठी कवितेला श्रोता मिळवून देण्याचे श्रेय या मंडळाला नाकारणे हा कृतघ्नपणा होय.

चित्रकारांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे सहा जण प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या नावाने एकत्र आले. आरा घरगडी म्हणून राबलेले, मोटारी धुतलेले. हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले. सूझांना कलाशाळेने काढून टाकलेले. प्रस्थापित अभिरुचीच्या दप्तरी ज्यांची नोंद झाली नसती, अशा या माणसांनी परस्परांची नोंद घेतली. त्यांची शैली एक नव्हती आणि ती एक व्हावी असा आग्रहही नव्हता. सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला गेले, समूह विस्कटला. परंतु समूह अल्पायुषी ठरला म्हणून तो निष्फळ झाला, असे म्हणणाऱ्यांनी भारतीय चित्रकलेचा पुढचा इतिहास या सहा नावांवाचून लिहून दाखवावा, असे माझे आव्हान आहे.

मात्र मंडळाचा कैवार घेणाऱ्या माझ्यासारख्यांनाही एका फिर्यादीचे उत्तर द्यावे लागते, आणि ती फिर्याद जोतीराव फुल्यांची आहे. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना ग्रंथकारांच्या सभेस पाचारण केले, तेव्हा जोतीरावांनी नकार कळविला: मनुष्यमात्राचे हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्यांचा आशय होता. त्या पत्राला मराठी साहित्यसंस्थांनी आचरणाने उत्तर दिले असते, तर १९५८ साली दादरला दलित साहित्याचे निराळे संमेलन भरविण्याची आणि अण्णाभाऊ साठ्यांसारख्या प्रतिभावंताने त्याचे उद्घाटन करण्याची वेळ आली नसती. ते संमेलन म्हणजे फुटीरपणा, असा गिल्ला करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. जिथे आपले दुःख उच्चारण्याची मुभा नाही तिथे आपलेपणा नसतो, आणि आपलेपणा नसलेल्या मांडवातून कोणताही लेखक बळ घेऊन परत जात नाही.

म्हणून माझा आग्रह आपल्या मंडळाविषयी आहे. सत्कार, शाली आणि मानपत्रे यांवर होणारा खर्च निम्म्यावर आणा आणि दरमहा एक बैठक भरवा. तिच्यात केवळ अप्रकाशित लेखन वाचले जावे. नवख्यांनी आधी वाचावे, पदाधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत बसून ऐकावे. वाचणाऱ्याची जात, पदवी वा ओळखदेख कोणी विचारू नये, आणि मत देताना भीडमुर्वत ठेवू नये. साहित्यातली मिरासदारी मोडण्याचा दुसरा उपाय मला ठाऊक नाही. हा ठराव मी आजच, याच सभेपुढे ठेवीत आहे. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी इथेच उभे राहून आपला विरोध नोंदवावा.