खानेसुमारीचे रकाने

खानेसुमारी म्हणजे डोकीं मोजणें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मोजतांना माणसांना रकान्यांत बसवावें लागतें, आणि एकदां आंखलेला रकाना सहसा पुसला जात नाहीं. हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटाचें उदाहरण या दृष्टीनें मननीय आहे.

या बेटावर मूळची वस्तीच नव्हती. तेथील प्रत्येकाचा पूर्वज समुद्र ओलांडून आलेला. १७१५ सालीं फ्रेंचांनीं बेट ताब्यांत घेतलें व आफ्रिका, मादागास्कर येथून गुलाम आणले. १८१० सालीं इंग्रजी अंमल बसला. १८३५ सालीं गुलामगिरी रद्द झाली; त्याच सुमारास उसाच्या मळ्यांसाठीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर जाऊं लागले. त्यांत भोजपुरी बोलणारे पुष्कळ. तामीळ, तेलुगु व कोंकणांतील मराठी लोकही होते. चिनी व्यापारीही तेथेंच स्थायिक झाले.

१९६८ सालीं देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेनें जमाती मानल्या चार: हिंदु, मुसलमान, चिनी, आणि राहणीवरून या तिहींत न बसणारी ती ‘सर्वसाधारण जनता’. या शेवटच्या रकान्यांत गोऱ्या मळेवाल्याचा वंशज आणि त्याच्या गुलामाचा वंशज शेजारीं शेजारीं बसले! उलट मराठी व तामीळ यांचा निराळेपणा ‘हिंदु’ या एका नांवाखालीं झांकला गेला.

ही वांटणी केवळ कुतूहलाची नव्हती. विधिमंडळांत ६२ सभासद मतांनीं निवडून येत. शिवाय ज्या जमातींना जागा कमी पडतील, त्यांच्या पराभूत उमेदवारांतून ८ पर्यंत जागा भरण्याची तरतूद झाली. लहान जमातीला वाऱ्यावर सोडूं नये, हा हेतु चांगलाच होता. परंतु त्यासाठीं प्रत्येक जमातीची संख्या ठाऊक हवी. १९७२ च्या खानेसुमारींत ती विचारली गेली. पुढें भेदभाव वाढूं नये म्हणून १९८३ च्या खानेसुमारींत तो प्रश्नच गाळला. जागांची वांटणी मात्र १९७२ च्याच आंकड्यांवर चालू राहिली. २०१० सालीं ज्यांनीं आपली जमात सांगण्याचें नाकारलें, त्यांचे उमेदवारी अर्ज नामंजूर झाले. ताजे आंकडे नसतां अशी सक्ती करणें मनमानीचें आहे, असा निर्णय २०१२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनें दिला.

पेंच येथेंच आहे. जमातींची गणती पुन्हां करावी, तर कुंपणें पक्कीं होतात. न करावी, तर मागल्या पिढीची बेरीज आजच्या पिढीवर राज्य करते. तेव्हां कोणत्याही देशाचे असे आंकडे वाचतांना, किती माणसें मोजलीं एवढेंच पाहून भागत नाहीं. रकाने कोणीं आंखले व कशासाठीं, हेंही शहाण्या वाचकानें विचारलें पाहिजे.