श्वास किती, पाय किती?

मराठीत फारसीतून आलेला एक छोटासा शब्द आहे – दम. ‘जिना चढून दम लागला’ म्हणतो, तेव्हा बोलणं छातीचं असतं. ‘गड्यात दम आहे’ म्हणतो, तेव्हा ते अंगातल्या ताकदीचं. कवीला असा शब्द फार सोयीचा. आजाऱ्याला मात्र तो महागात पडतो. फुप्फुसाचा जुना विकार जडलेला माणूस चार पावलांत थांबला, की सगळे म्हणतात, ‘त्यांना दम पुरत नाही.’ पुरत नाही, हे खरं. पण कुठला दम?

माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या आपाला, सीओपीडी आहे. विडी-सिगारेट तिनं कधी हातात धरली नाही. चाळीस वर्षं चुलीपुढं बसली, लाकडं आणि गोवऱ्या फुंकल्या. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार कसा जडतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर मांडलं आहे. आपाची तपासणी वर्षानुवर्षं एकच. नळीत जोरानं फुंकायचं, आकडा बघायचा, इन्हेलर बदलायचा. नमाज ती खुर्चीवर बसून पढू लागली, सजद्यातून उठवत नाही म्हणून. बोल लागायचा तो छातीलाच. पायांची चौकशी कुणी केली नव्हती.

ती केली एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं. आपाला खुर्चीवर बसवलं, घोट्याला पट्टा बांधला, पट्टा ताण मोजणाऱ्या काट्याला जोडला. ‘आजी, पाय सरळ करायला बघा. असेल नसेल तो जोर लावा.’ असं तीनदा, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. ही झाली मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद. मूठ आवळून जोर मोजायचं यंत्रही असतं, सोपं असतं. पण या आजारात हातांपेक्षा पाय जास्त खचतात, त्यामुळं मुठीचा आकडा बरा आला म्हणून निश्चिंत होता येत नाही.

ताकद एक आणि टिकाव दुसरा. एक पोतं उचलणं वेगळं, दिवसभर हमाली करणं वेगळं. टिकाव बघायला पूर्ण जोराच्या ठरावीक हिश्श्याएवढं वजन थकेपर्यंत पुनःपुन्हा उचलायला लावतात. सीओपीडीत मांडीतले सावकाश, पण पुष्कळ वेळ राबणारे तंतू कमी होत जातात, झटकन थकणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. धाप लागते म्हणून माणूस हालत नाही, न हललेला स्नायू झिजतो, आणि झिजलेला स्नायू थोड्याशा कामालाही जास्त श्वास मागतो. त्यात स्टेरॉइडच्या गोळ्या, तुटपुंजं जेवण आणि दवाखान्यात अंथरुणावर गेलेले दिवस.

सर्वांत साधी परीक्षा चालण्याची. १९७६ साली ब्रिटनमध्ये जुन्या ब्राँकायटिसच्या रुग्णांना १२ मिनिटं चालवून पाहिलं होतं. १९८२ साली ६ मिनिटंही पुरतात असं दिसलं, आणि तीच रीत पुढं रूढ झाली. ३० मीटरची सपाट वाट, दोन टोकांना खुणा, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा. दमलात तर थांबा, घड्याळ मात्र थांबत नाही. ६ मिनिटांत किती मीटर, तेवढं लिहायचं. मला यातला शेवटचा प्रश्न फार आवडला. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांची ० ते १० अशी एक पट्टी आहे. त्या पट्टीवर श्वासाचा त्रास आणि पायांचा थकवा वेगवेगळा विचारतात.

‘आजी, श्वास किती?’

‘चार.’

‘आणि पाय?’

‘सात. पावाँ में दम नै, बेटा.’

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. पुष्कळ रुग्ण चालता चालता थांबतात ते फुप्फुसापेक्षा पायांमुळं, आणि फुंकण्याच्या आकड्यावरून ते कळत नाही.

आपा त्या दिवशी २४६ मीटर चालली. मग आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, पायाला वजन बांधून व्यायाम आणि चालणं. पुन्हा मोजलं, तर २९१. साधारण ३० मीटरचा फरक रुग्णाला स्वतःला जाणवण्याजोगा मानतात. नळीतला आकडा होता तिथंच राहिला. फुप्फुसाचं झालेलं नुकसान व्यायामानं भरून येत नाही, मांडीचं पुष्कळसं येतं. कुणी आपल्या मनानं हे सुरू करू नये. हृदयाचा त्रास आहे का, चालताना प्राणवायू किती उतरतो, हे आधी डॉक्टरांनी बघायला हवं.

माझी एक तक्रार आहे. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा किंवा मिनिटभर उठा-बसायची चाचणीही घेतात. तिला जागा लागत नाही, छोट्या दवाखान्यातही होते, म्हणून ती चांगलीच. पण खुर्चीची बैठक दीड फूट उंच. आपली माणसं उठतात ती जमिनीवरून, जेवणाच्या पाटावरून, सजद्यातून. आपाला आता खुर्चीवरून सहज उठता येतं, जमिनीवरून अजून भिंत लागते. ते कोण मोजणार, असं मी त्या मुलीला विचारलं. तिनं कागदाच्या कोपऱ्यात ‘जमीन’ असं लिहून घेतलं.

पुढच्या खेपेला ती हात बघणार आहे. दोरीवर कपडे वाळत घालताना हात अधांतरी उंचावले, की आपाला धाप लागते. खांद्याचे आणि मानेचे जे स्नायू श्वासाला मदत करतात, त्यांनाच तेव्हा हातही सावरावे लागतात. आपानं तोवर दोरी हातभर खाली बांधून घेतली आहे.